पंचमीला तुडवलेला मुरघास

एस.टी.त माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची. बारामती-इंदापूर गाडीला कितीही गर्दी असो, माणसं दांडीला लोंबकळतील, पण माझ्या शेजारी बसणार नाहीत. एखाद्या नवख्यानं बूड टेकलंच, तर तो आधी खिडकीकडं बघायचा, मग माझ्या पायाजवळच्या पिशवीकडं, मग माझ्याकडं, आणि गुपचूप उठून मागच्या बाकावर जायचा. पिशवीत मुरघासाचा, म्हणजे आंबवलेल्या वैरणीचा, नमुना असायचा. थोडा ताकासारखा, थोडा काकवीसारखा असा त्याचा आंबूस वास. मला तो अत्तराहून प्यारा. माणसांचं सोडा, जनावरांना मात्र तो फार आवडायचा. इंदापूरच्या बाजारात एकदा एक अनोळखी म्हैस दावं तोडून माझ्या मागं लागली. मी पुढं, माझ्या मागं म्हैस, म्हशीच्या मागं तिचा मालक, अशी आमची वरात थेट स्टँडपर्यंत गेली. लोक त्या मालकालाच विचारत होते, "बाईंनी काय केलंय रं तुझ्या म्हशीचं?"

नव्वदच्या दशकात मी एका संस्थेत चारा विभागाची विस्तार कार्यकर्ती होते. हुद्दा लांबलचक, काम एकच. शेतकऱ्याला त्याचा हिरवागार, दाण्यावर आलेला मका कापून जमिनीत पुरायला लावायचा. माझे वडील इंदापूरला शाळामास्तर. घरात पुस्तकं भिंतीला टेकून रचलेली, गोठा मात्र नव्हता. शेतकीची पदवी घेऊन मी या नोकरीला लागले तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकलीस आणि शेवटी वैरणीतच गेलीस!" खरंच गेले, आणि इतकी रमले की निवृत्त होतानाही मला त्यातून बाहेर ओढावं लागलं.

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात पावसाळ्यात हिरवी वैरण उदंड. पुढं कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मिळतो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगामाचं गाळप थांबलं, की वाढं संपलं. मग पाऊस येईपर्यंत गाय काय खाणार? वाळका कडबा. त्यावर ती जगते, पण दुधाच्या नावानं रिकामी पितळी वाजते. यावर उपाय असा की मका दाण्यात चीक भरला असतानाच कापायचा, त्याची बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात घालून गच्च तुडवायची आणि प्लॅस्टिकचा कागद व माती टाकून बंद करायची. आत हवा राहिली नाही की कुट्टी सडत नाही, आंबते. दीड-दोन महिन्यांत मुरते आणि उन्हाळ्यात उघडली तरी ताजी. झालं एवढंच शास्त्र. पण उभं पीक खड्ड्यात घाला असं सांगणाऱ्या बाईकडं लोक कसं बघतात, ते मीच जाणे.

म्हणून मी एक सोपी युक्ती काढली होती. "मुरघास म्हणजे जनावरांचं लोणचं," असं सांगायचं. युक्ती फारच चालली. काटेवाडीच्या एका आबांनी खड्डा भरला, तुडवला, आणि कागद टाकायच्या आधी घरातला तेलाचा आख्खा डबा त्यावर ओतला. मी पोचले तेव्हा आबा खुशीत उभे आणि आजी कमरेवर हात ठेवून.

"आबा, तेल कशाला?"

"म्हंजी? लोणच्यावर तेलाचा थर नसला तर बुरशी येती. तुमीच म्हणला ना लोणचं?"

"मग हिंग-मोहरी पण घाला!" आजी कडाडल्या. "आन आता भजी म्हशीकडनंच तळून घ्या!"

मी पोट धरून हसले. पण मोपेडवरून परतताना लक्षात आलं की आबांना नेमकं तेच कळलं होतं जे मी महिनाभर फळ्यावर चित्रं काढून सांगत होते. वरून हवा लागता कामा नये. फक्त कागदाचं काम त्यांनी तेलाला दिलं होतं. पुढं मी फळा न्यायचंच सोडलं आणि गावोगाव आबांची गोष्ट सांगू लागले. एकच दक्षता घ्यायची, तेलाचे डबे सभेआधी आत ठेवायला लावायचे.

आता कळंबची गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे.

कळंबला गेनबातात्या म्हणून जुने ऊसवाले होते. फेटा, मिशा, आवाज असा की पाटाच्या पलीकडच्या माणसाला वाटावं आपल्यालाच बोलले. त्यांची सून शालन. नवरा ट्रक घेऊन मुलूखभर फिरायचा, आणि शालननं घरी दोन संकरित गायी उभ्या केल्या होत्या. कालवडी आणून, पाजून, रात्रंदिवस जपून वाढवलेल्या. थोरली हरणी, धाकटी चांदी. बाई बोलायला एवढी कमी की माझ्या सभेत ती आली होती हे मला तिच्या प्रश्नावरून नाही, तिच्या हातावरून कळलं. कुट्टीत ओल किती असावी हे बघायला मूठभर कुट्टी दाबून गोळा करायचा असतो. पाणी गळलं तर जास्त ओली, लगेच विस्कटला तर वाळली, आणि हळूहळू उमलला तर बरोबर. पुरुष मंडळी गोळे करकरून टाकत होती. शालननं एकच केला, तळहातावर ठेवला आणि तो उमलायची वाट बघत बसली, लाडू वळणाऱ्या बाईच्या सवयीनं. मी तेव्हाच मनात म्हटलं, हिच्याकडं खड्डा होणार.

पण खड्डा तात्यांच्या रानात आणि मकाही तात्यांचा. दर उन्हाळ्यात वैरण संपली की तात्या एखादं जनावर विकायचे. या वेळी नंबर गायींचा होता. शालननं सासूमार्फत विनंती केली, सासूनं तात्यांच्या जेवणाची वेळ साधून ती पुढं सरकवली, आणि तात्यांनी ओसरीवर मला बोलावून निकाल दिला.

"खड्डा घ्या. मका घ्या. पर पट्टा पडल्यावर उघडायचा तो गावाम्होरं. गायींनी खाल्लं तर ऱ्हायल्या. न्हाय खाल्लं, तर त्याच दिशी दोनीबी गाया हेडी घिऊन जाईल." हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. दाराआड बांगड्या वाजल्या. शालननं मान्य केल्याची ती खूण, असं सासूनं मला डोळ्यांनी सांगितलं.

मका श्रावणात तयार झाला. खड्डा आधीच खणून ठेवला होता. आता गंमत बघा. कुट्टी यंत्र भाड्यानं आणायचं, ते दुसऱ्याच्या मळ्यात अडकलं, मग वीज गेली, आणि कापणी-कुट्टी संपेपर्यंत नागपंचमीची आदली संध्याकाळ झाली. खड्ड्याजवळ कुट्टीचा हिरवा डोंगर उभा. तो सकाळी तुडवायलाच हवा, नाहीतर आतून तापतो आणि सगळं मातीमोल. मी ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. सकाळी ट्रॅक्टरवाला हात जोडून उभा.

"बाई, आज पंचमी. आज जमिनीला चाक लावायचं न्हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्याकडं पंचमीला नांगरायचं नाही, खणायचं नाही, कापायचं नाही, चिरायचं नाही. भाजीसुद्धा त्या दिवशी चिरत नाहीत. मी डोंगरात हात घातला, तो कोमट लागला. शालन माझ्याकडं बघत होती आणि तिचे ओठ अगदी पांढरे पडले होते.

तात्या ओसरीवरून म्हणाले, "आता देवाचीच मर्जी न्हाय म्हणायची."

तेवढ्यात वारुळाची पूजा करून गावातल्या लेकी-सुना परत आल्या. पंचमीला लेकी माहेरी येतात, त्यामुळं गावात त्या दिवशी बायांचा नुसता पूर असतो. नवी लुगडी, हातभर बांगड्या, मेंदीचे पाय, आणि अंगात वर्षभराचा साठलेला खेळ. झाडाला बांधलेल्या झोक्याकडं त्या निघाल्या होत्या. शालनच्या सासूनं त्यांच्याकडं पाहिलं, कुट्टीकडं पाहिलं, आणि ती तात्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"खणायचं न्हाय, कापायचं न्हाय, हे खरं. पर फुगडी घालायची न्हाय असं कुटं हाय?"

तात्यांनी हातानंच 'घाला' अशी खूण केली.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. आम्ही घमेल्यांनी कुट्टी खड्ड्यात लोटायची आणि बायांनी तिच्यावर खेळायचं! फुगडीला टाच आपटावी लागते, आणि टाचेसारखं दाबणारं यंत्र अजून निघालेलं नाही. मधोमध फुगड्या, कडेनं झिम्मा, पुढं पिंगा. ट्रॅक्टरचा कायमचा घोटाळा म्हणजे त्याचं चाक कोपऱ्यात पोचत नाही, आणि खड्डा सडतो तो कोपऱ्यातूनच. शालनच्या सासूनं पदर खोचला आणि म्हाताऱ्या मैत्रिणींना घेऊन कोपरे ताब्यात घेतले. या वयात उभी फुगडी जमत नाही म्हणून बसफुगडी! चार कोपऱ्यांत चार म्हाताऱ्या बेडकांसारख्या उड्या मारतायत, धापा टाकतायत, एकमेकींना चिडवतायत.

"ए रखमे, तुझा कोपरा भुसभुशीत हाय!"

"तुझ्या सासूवानी बोलू नगं, हितं येऊन बग!"

मी अंगठा रोवून बघायचे. अंगठा आत गेला की ओरडायचे, "इथं अजून एक फुगडी!" की लगेच दोघी तिथं हजर. शेवटी मलाही ओढलं. सरकारी-निमसरकारी कामकाजात फुगडी कुठल्या रकान्यात बसते ते मला माहीत नव्हतं, पण मी घातली, चप्पल हरवेपर्यंत घातली. दुपारी खड्डा काठोकाठ भरला. सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत हिरवे, मेंदी कुठली आणि मका कुठला कळेना. नवीकोरी लुगडी बघून एक लेक म्हणाली, "सासरी काय सांगू?" दुसरी म्हणाली, "सांग, माहेरी हिरवं नेसले." कागद पसरला. माती आदल्या दिवशीच उकरून ठेवलेली होती, ती वर लोटली, आणि शेणानं लिंपून खड्डा बंद झाला. शालन लिंपता लिंपता हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मुरघास पिशव्यांत येतो. यंत्र कापतं, यंत्रच दाबतं, गठ्ठा बांधून देतं. चांगलंच आहे ते, मीच त्याचा प्रचार केला. पण त्या गठ्ठ्याभोवती कुणी फुगडी घालत नाही, याचं मला वाईट वाटतं. वाटतं म्हणजे वाटतंच, त्याला माझा इलाज नाही.

थंडीत मी सहज कळंबला डोकावले. खड्ड्याच्या उंचवट्यावर एक टोपलं पालथं घातलेलं दिसलं. उचललं तर खाली भोक! कागद फाडून त्यात फडक्याचा बोळा खुपसलेला. मागं तात्या उभे होते, आणि मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तात्या, हे काय?"

"काय न्हाय. बघत हुतो."

"काय बघत होता?"

"आंब्याची अढी न्हाय का बघत आपण? रोज हात घालून चाचपायचं, पिकलं का, गरम हाय का."

हा आमच्याकडचाच खास घोटाळा. अढी लावणारा हात बंद वस्तूवर स्वस्थ बसत नाही. रोज अढी उघडायची, एकेक आंबा दाबायचा, परत झाकायची. आंब्याला ते चालतं. मुरघासात प्रत्येक वेळी हाताबरोबर हवा जाते. "आन खरं सांगू का बाई," तात्या हळूच म्हणाले, "आत गरम लागतंय." लागणारच! तुम्ही उघडलंत म्हणून लागतंय! मी वयाचा मुलाहिजा न ठेवता एवढी ओरडले की शालन गोठ्यातून धावत आली. तिनं भोक पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता चिखल कालवायला बसली. भोक बुजवलं. पण नुकसान किती झालं ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

पट्टा पडला. ठरल्या दिवशी सकाळी सगळं गाव रानात. म्हातारेकोतारे, शाळेतली पोरं, पंचमीच्या त्या बसफुगडीवाल्या म्हाताऱ्या, आणि खांद्यावर नवं दावं टाकलेला हेडी. माती काढली, कागद उलटला, आणि पहिलंच दर्शन झालं ते परातीएवढ्या काळ्या, बुरशीच्या थराचं. वास तर असा की पुढची रांग मागं सरली.

"खत मातर झ्याक झालंय, तात्या," हेडी म्हणाला, आणि सगळे हसले.

मी बोलायला तोंड उघडलं. शालननं माझ्याकडं एक नजर टाकली, गप्प बसा अशी. परक्या माणसासमोर सासऱ्याला उघडं पाडायचं तिच्या मनात नव्हतं, मग गायी गेल्या तरी चालतील! मला तिचा राग आला आणि तिला कडकडून मिठी मारावीशीही वाटली. ती खाली वाकली आणि हातांनीच ती काळी घाण टोपल्यात भरू लागली.

"ऱ्हाऊ दे पोरी," तात्यांचा आवाज आला, पाटाच्या पलीकडं ऐकू जाईल असाच. "मंडळी, ते काळं माझ्या हातानं झालंय. मी रोज भोकातनं हात घालून चाचपत हुतो. तिच्या कामात खोट न्हाय."

मग असं हसू उसळलं की पाटावरचे बगळे उडाले. तात्यांनी ते सगळं हसू फेट्यासकट सोसलं. तोवर शालन काळ्याखाली पोचली होती. तिनं ओंजळ भरून वर काढली. पिवळसर हिरवा, मोकळा, दाणे जसेच्या तसे. तो आंबूस-गोड वास रानभर पसरला. कोपरे उकरून पाहिले, चारी कोपरे चोख. रखमा म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "माझा कोपरा बघितला का?"

पण शर्त गायीची होती. टोपलं भरून हरणीपुढं ठेवलं, दुसरं चांदीपुढं. हरणीनं हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि मान फिरवली. परत सरकवलं, परत मान फिरवली. नवी चव जनावर लगेच धरत नाही, कडब्यात मिसळून सवय लावावी लागते, असं मी ओरडून सांगत होते, पण गावाला निकाल हवा होता. कुणी "च्च च्च" करत होतं, कुणी तिची शेपटी हलवून बघत होतं, पोरं तर तिच्या तोंडाशी वाकून बसली होती. चांदीनंही थोरलीचं बघून तोंड वळवलं. हेडीनं खांद्यावरचं दावं हातात घेतलं. तात्या जमिनीकडं बघत होते.

तेव्हा शालन उठली. हिरवे हात लुगड्याला पुसले, आणि ज्या बाईचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता ती बाई सगळ्या गावासमोर बोलली.

"आपल्या ताटाकडं एवढ्या माणसांनी टक लावली, तर आपल्या घशाखाली घास उतरंल का? वळा समदी तिकडं."

कुणी हललं नाही. सुनेनं हुकूम सोडावा आणि गावानं ऐकावं, अशी तिथं पद्धत नव्हती.

"मामंजी," शालन म्हणाली, "तुमीबी."

तात्यांनी वर पाहिलं. मग ते वळले. वळताना हेडीचे खांदे धरून त्यालाही वळवला. सरपंच वळले, म्हाताऱ्या वळल्या, पोरांना माना धरून वळवलं, मीही वळले. सगळं गाव उसाच्या खोडव्याकडं, तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्यांकडं, तोंड करून, गायीकडं पाठ करून उभं! बायांनी तोंडात पदर कोंबले होते. माझ्या शेजारचे सरपंच हसू दाबता दाबता लालबुंद झाले होते. आणि माझे डोळे भरून आले होते, कारण हसण्याखाली मला भीतीच वाटत होती. मागं काहीच आवाज नव्हता.

मग एक फुरफुर. मग टोपलं जरासं सरकल्याचा आवाज. आणि मग हळूच, पण स्पष्ट, करकर, करकर. पाठोपाठ दुसरी करकर, धाकटीची.

"ऐकाय येतंय का?" तात्यांनी मान न वळवता हेडीला विचारलं.

"येतंय की."

"मंग दावं गुंडाळ."

तरी शालननं 'वळा' म्हटल्याशिवाय कुणी वळलं नाही. आणि टोपली चाटूनपुसून रिकामी होईपर्यंत ती काही बोलली नाही.